प्रेक्षक वाढले, कट्टा गेला

२००५ च्या मे महिन्यात सांगलीतल्या एका सायबर कॅफेत बसून मी माझी पहिली ॲनिमेशन फिल्म इंटरनेटवरच्या न्यूग्राउंड्स या साइटवर चढवली. २२ सेकंदांची होती. काड्यांचा एक माणूस पावसातून छत्री घेऊन चाललाय. वाऱ्यानं छत्री उलटी होते, तो ती सरळ करतो, ती पुन्हा उलटी होते. शेवटी तो छत्री मिटून काखेत धरतो आणि भिजत चालायला लागतो. कॅफेचा दर तासाला २० रुपये होता आणि लोडशेडिंग सुरू व्हायच्या आत काम उरकायचं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा २० रुपये मोजून बघायला गेलो, तर फिल्म जागेवर नव्हती. शे-दीडशे अनोळखी लोकांनी ती पाहिली होती, शून्य नाहीतर एक गुण दिला होता, आणि साइटच्या नियमाप्रमाणे ती आपोआप निघून गेली होती. तिथल्या बोलीत सांगायचं तर ती ‘ब्लॅम’ झाली होती.

फिल्म त्याच लायकीची होती, याबद्दल माझी आजही तक्रार नाही. पण माझ्या खात्यात एक निरोप येऊन पडला होता. पाठवणारा कोण, कुठला, केवढा, मला आजतागायत ठाऊक नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: तुझ्या माणसाचा पाय सरकतोय. चालताना जमिनीवर टेकलेला पाय उचलेपर्यंत तिथेच राहायला हवा. धड प्रत्येक फ्रेमला सहा पिक्सेल पुढे जात असेल, तर टेकलेला पाय धडाच्या मानानं बरोबर सहा पिक्सेल मागे गेला पाहिजे. तुझा चारच जातो, म्हणून तो रस्त्यावरून चालत नाही, तेलावरून घसरतोय. छत्री मात्र छान उलटलीय, ती तशीच ठेव.

मी घरी येऊन आलेखाच्या कागदावर पाय मोजत बसलो. एक चौकोन म्हणजे दोन पिक्सेल. धडाचा ठिपका तीन चौकोन पुढे, पावलाचा ठिपका जागच्या जागी. पुन्हा धड तीन चौकोन पुढे, पाऊल तिथेच. पाचव्या की सहाव्या फ्रेमला मांडीची काडी ताणून लांब व्हायला लागली आणि मला एकदम कळलं, की मागची टाच आता उचलायलाच हवी, नाहीतर पाय तुटेल. माणूस टाच का उचलतो, हे मला वयाच्या अठराव्या वर्षी कागदावर समजलं. मी ज्या क्लासला जात होतो तिथे सहा महिन्यांत फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं एकेक बटण शिकवलं होतं, प्रमाणपत्रही दिलं होतं. पाय सरकतो हे तिथं कुणी पाहिलं नव्हतं.

न्यूग्राउंड्सचं नाव निघालं की आजकाल दोनच सूर ऐकू येतात. एक हळहळीचा, आपल्या बालपणीचं काहीतरी गेलं असा. दुसरा तांत्रिक: फ्लॅश मेलं, म्हणून ते जगही मेलं. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं असं, की तिथे मोडला तो एक कट्टा होता. नवशिक्याचं वाईट काम पाहायला, आणि ते वाईट का आहे हे सांगायला, त्याच्यासारखेच हौशी लोक रोज येऊन बसत, असा कट्टा. आजच्या मुलाला लाखो प्रेक्षक मिळू शकतात, हे असे सोबती मिळत नाहीत. आणि हा कट्टा पुन्हा बांधता येतो. आपल्याकडे तर तो बांधण्याचा अनुभव सत्तर वर्षांचा आहे, त्याकडे शेवटी येतो.

न्यूग्राउंड्स अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं. टॉम फल्प नावाच्या मुलानं १९९१ मध्ये निओ जिओ या गेमिंग यंत्राच्या शौकिनांसाठी एक घरगुती पत्रिका काढली, १९९५ मध्ये तिची वेबसाइट केली. सुरुवातीला तिथं त्याचे स्वतःचे खेळ आणि कार्टून असत. लोक आपापल्या फिल्म पाठवू लागले, त्या तो हातानं चढवू लागला, आणि ते काम आवरेना तेव्हा ६ एप्रिल २००० रोजी त्यानं ‘पोर्टल’ सुरू केलं. कुणीही फाइल टाकावी आणि ती त्या क्षणी जगाला दिसावी. आज यात काही विशेष वाटत नाही. पण यूट्यूब जन्माला यायला अजून पाच वर्षं होती.

हे शक्य झालं फ्लॅशमुळे. मॅक्रोमीडियाचं हे सॉफ्टवेअर २००५ च्या डिसेंबरात ॲडोबीकडे गेलं. त्यात रेषा चित्र म्हणून साठवली जात नसे, रेषेचं गणित साठवलं जाई. म्हणून आख्खी फिल्म काहीशे केबीत बसायची आणि टेलिफोनच्या तारेवरून, खरखरत का होईना, उतरायची. नवी फाइल उघडली की ५५० बाय ४०० चा पांढरा पडदा समोर यायचा आणि वेग सेकंदाला १२ फ्रेमचा असायचा. आमच्यातल्या बहुतेकांनी हे आकडे कधी बदललेच नाहीत. २२ सेकंद गुणिले १२ म्हणजे २६४ फ्रेम. एकट्या माणसाच्या आवाक्यातलं काम होतं ते. परीक्षा संपल्यावरच्या सुटीत बसणारं.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते गुण देण्याचं यंत्र. फिल्म आली की लोक तिला शून्य ते पाच गुण देत. सुरुवातीच्या ठरावीक मतांमध्ये ती फारच खाली राहिली तर निघून जाई. आता खुबी अशी, की मत देणाऱ्यालाही त्यातून काही मिळे. तुम्ही कमी गुण दिलेली फिल्म खरोखर निघाली, तर तुमच्या नावावर एक ‘ब्लॅम’ जमा. तुम्ही वर उचललेली फिल्म टिकली, तर एक ‘सेव्ह’ जमा. हे गुण जमवण्याचा लोकांना नाद लागला होता. आणि ते जमायचे फक्त नव्या, अजून निकाल न लागलेल्या फिल्म पाहूनच. म्हणजे काय, तर साइटवरच्या सगळ्यात उत्साही लोकांना रोज सगळ्यात नवशिक्या माणसाचं काम पाहावंच लागे. सांगलीतल्या कुणा पोराची पहिलीवहिली फिल्म पाहायला दीडशे माणसं बसली, ती काही कृपा म्हणून नाही. त्या घरात तशी पद्धतच होती.

ही पद्धत कुणी मोठा विचार करून आखली असेल असं मला वाटत नाही. कचरा काढायचा होता, लोकांना हाताशी धरलं, एवढंच. पण तिनं एक असा प्रश्न सोडवला, जो त्यानंतर कुठल्याच मोठ्या व्यासपीठानं सोडवलेला नाही: पहिलं काम कोण पाहणार?

त्या कट्ट्याभोवती मग बाकीचं जमत गेलं. २००३ मध्ये संगीतासाठी वेगळा विभाग निघाला. घरात बसून कीबोर्ड वाजवणारा पोरगा आपलं गाणं तिथे टाकायचा, दुसरा ते आपल्या फिल्मला लावायचा आणि त्याचं नाव द्यायचा. एकत्र फिल्म व्हायच्या: वीस जणांनी दहा-दहा सेकंद करायचे आणि एकानं जोडायचे. ३० एप्रिलला ‘पिको डे’ असायचा, साइटच्या एका जुन्या पात्राच्या नावानं, आणि त्या दिवसासाठी लोक महिना-महिना राबत. महिन्याच्या उत्तम कामांना साइट रोख बक्षीस द्यायची. तारीख असली की काम पुरं होतं, हे हौशी माणसाला वेगळं सांगायला नको.

या सगळ्याला गोंडस रंग द्यायचा नाही. तिथे घाण भरपूर होती. रक्तपात तर रोजचाच. १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, त्याच वर्षी खुद्द फल्पनं शाळेतल्या गोळीबारावर खेळ काढला होता, आणि साइटचं ते लाडकं पात्र, पिको, त्यातूनच आलं. बोलण्याचा एकूण सूर टग्या पोरांचा होता. मुलींना तिथे घरच्यासारखं वाटावं असं फारसं काही नव्हतं, आणि वर्णावरून, धर्मावरून केलेले विनोद सर्रास टिकून राहायचे. कित्येक चांगल्या फिल्म टोळक्यांनी मिळून पाडल्या, कित्येक फालतू फिल्म टोळक्यांनी मिळूनच तारल्या. कट्टा म्हणजे चांगल्या माणसांची सभा नव्हे. तरीही त्या गर्दीत कुणीतरी माझ्या माणसाच्या पायाकडे पाहिलं, आणि चार पिक्सेल की सहा हे मोजलं. ती गर्दी असल्या टीकेसाठी जमलेली होती, म्हणूनच ते झालं.

तिथून पुढे गेलेल्यांची नावं सांगायची पद्धत आहे, तेव्हा थोडी सांगतो. २००२ मध्ये साइटवर आलेल्या एका खेळातून फल्प आणि त्याच्या जोडीदारांनी २००३ मध्ये द बेहेमोथ ही कंपनी काढली. खेळ बनवणारा एडमंड मॅकमिलन तिथूनच आला. झॅक हॅडेल आणि मायकल क्युसॅक दोघंही तिथले, आणि पुढे त्यांची मालिका अमेरिकन टीव्हीवर आली. २०२० मध्ये, म्हणजे सगळ्यांनी साइटला श्रद्धांजली वाहून झाल्यावर, ‘फ्रायडे नाइट फंकिन’ हा खेळ तिथेच आला आणि पुढच्या वर्षी लोकांनी त्यासाठी २० लाख डॉलरांहून जास्त वर्गणी दिली. पण वारसा मोजायचा तर मी माझ्यासारख्यांवरून मोजीन. मी ॲनिमेटर झालो नाही. नोकरी वेगळीच करतो. पण रस्त्यावर कुणी चालताना दिसलं की माझी नजर टाचेवर जाते, आणि सिनेमातलं पात्र घसरलं की मला कळतं. पाहायला शिकलेली अशी माणसं त्या कट्ट्यानं किती तयार केली, त्याची गणती कुठेच नाही.

मग हे मोडलं कसं?

लोक एप्रिल २०१० कडे बोट दाखवतात. स्टीव्ह जॉब्जनं जाहीर पत्र लिहून सांगितलं, की आयफोन-आयपॅडवर फ्लॅश चालणार नाही. बॅटरी खातं, असुरक्षित आहे, बंदिस्त आहे. त्यातलं बरंचसं खरंही होतं. २०११ च्या नोव्हेंबरात ॲडोबीनं मोबाइलवरचं फ्लॅश सोडून दिलं, जुलै २०१७ मध्ये पूर्ण बंदची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरनं फाइल चालवणंच बंद केलं. तारखा अशा सलग मांडल्या की कारण सापडल्यासारखं वाटतं.

पण कट्ट्यावरची माणसं २०१० च्या आधीपासूनच उठू लागली होती. ती यूट्यूबकडे गेली. का जाऊ नयेत? त्यांच्याच फिल्म दुसऱ्या कुणीतरी तिथे नावाशिवाय टाकलेल्या होत्या आणि त्या दसपट लोक पाहत होते. २००७ पासून यूट्यूब जाहिरातीतला वाटा देऊ लागलं. ज्यानं वर्षभर रात्री जागवून काम केलं, त्याला पहिल्यांदाच आईला दाखवायला चार पैसे मिळाले. जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. मीही गेलोच असतो, कुणी पैसे दिले असते तर.

घाव बसला तो २०१२ च्या ऑक्टोबरात. त्याआधी यूट्यूब व्हिडिओ किती वेळा पाहिला गेला ते मोजत होतं. तेव्हापासून लोक त्यावर किती मिनिटं रेंगाळले ते मोजू लागलं. कागदावर हा बदल शहाणपणाचा होता, फसव्या चित्रांनी क्लिक ओढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. पण हौशी ॲनिमेटरच्या बाजूनं हिशेब करून पाहा. सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे मिनिटाला ७२०. कॉलेज नाहीतर नोकरी सांभाळून माणूस रोज ३० चित्रं काढत असेल, तर एका मिनिटाला २४ दिवस लागतात. महिन्याभराच्या राबण्यातून एक मिनिट. शेजारी दुसरा कुणी खेळ खेळत अर्धा तास बोलत बसतो आणि अर्ध्या तासात ३० मिनिटांचा माल तयार करतो. मापच मिनिटांचं असेल तर या दोघांची तुलना होऊच शकत नाही. न्यूग्राउंड्सवर कित्येकांचा आदर्श असलेला ॲरिन हॅन्सन त्याच वर्षी खेळत-खेळत गप्पा मारणाऱ्या चॅनेलकडे वळला. त्याचं चॅनेल जोरात चाललं. त्याच्या फिल्म पाहून पेन्सिल हातात घेतलेल्या पोरांनी यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको.

म्हणून मी म्हणतो, फ्लॅशनं मान टाकली तेव्हा कट्टा आधीच ओस पडला होता. माप बदललं होतं. जिथे काम कसं झालंय हे पाहणारे होते, तिथे किती वेळ खिळवून ठेवलं हे मोजणारा गणिती पहारेकरी आला. त्याला पाय सरकलेला दिसत नाही. पाहणारा सातव्या सेकंदाला निघून गेला, एवढंच दिसतं, आणि तेवढंच तो तुम्हाला आलेख काढून सांगतो. नवशिक्यानं त्या आलेखातून काय शिकायचं?

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. आता डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर गट आहेत, रील आहेत, फुकट धडे आहेत, तुम्ही म्हातारे झालात. धडे आहेत हे कबूल, आणि आमच्या वेळेपेक्षा शंभरपट चांगले आहेत. पण गट म्हणजे दार लावलेली खोली. आत कसं जायचं हे आधीच कुणीतरी सांगावं लागतं, आणि तो गट बंद झाला की तिथलं बोलणं बाहेरच्याला कधीच सापडत नाही. रीलचं तर विचारूच नका. तिथे तुमचं काम लग्नाचे व्हिडिओ आणि पाककृती यांच्यामध्ये येतं, आणि पाहणारा अंगठा हलवून पुढे जातो. त्याचं काही चुकत नाही, तो टीका करायला बसलेलाच नसतो. आता तर एआयला वाक्य लिहून दिलं की चालता माणूस तयार मिळतो. ज्याला फक्त चालता माणूस हवाय, त्याची सोय झाली. ज्याला माणूस चालवायचा आहे, त्याला आजही कुणीतरी शेजारी बसून सांगणारं लागतं.

फ्लॅश बंद झाल्यावर काय झालं, तेही इथे नोंदवायला हवं, कारण त्यात सार्वजनिक प्रश्न उघडा पडतो. वीस वर्षांचं काम एका तारखेला काळोखात जाणार होतं. फ्लॅश प्लेयरचा सोर्स कोड खुला करा, आम्ही सांभाळतो, अशी मागणी करणारी याचिका २०१७ मध्ये निघाली. ॲडोबीनं तो खुला केला नाही. मग हौशी लोकच कामाला लागले. २०१८ मध्ये फ्लॅशपॉइंट नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि स्वयंसेवकांनी जगभरातल्या साइटवरून खेळ आणि फिल्म गोळा करायला घेतल्या. न्यूग्राउंड्ससाठी काम केलेल्या माइक वेल्श यांनी रफल हा नवा प्लेयर लिहायला घेतला, जो ॲडोबीचा एक शब्दही न वापरता जुन्या फाइल ब्राउझरमध्ये चालवतो. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्हनं त्याच्याच जोरावर फ्लॅशचा संग्रह खुला केला.

माझी दुसरी फिल्म, ब्लॅम न झालेली, मी अशीच पुन्हा पाहिली. तिची मूळ फाइल असलेली सीडी तळमजल्यावरच्या ट्रंकेत होती आणि २०१९ च्या महापुरात ती ट्रंक चार दिवस पाण्याखाली होती. मला वाटलं होतं, गेली. एका रात्री सहज खातं उघडलं, रफल सुरू झालं आणि माझा काड्यांचा माणूस चालायला लागला. पाय घट्ट रोवत चालत होता. खाली २००६ मधल्या अकरा अभिप्रायांपैकी एक होता: आता ठीक चालतोय, पण हात का हलत नाहीत? मी मुलीला हाक मारून दाखवलं. तिनंही तेच विचारलं.

हे सगळं सांभाळलं ते ज्यांना एक पैसाही मिळणार नव्हता त्यांनी. ज्यांनी सॉफ्टवेअर विकलं, आणि ज्यांनी गावोगावी त्याचे क्लास काढून फी घेतली, त्यांच्यावर कसलीच जबाबदारी आली नाही. फ्लॅशची प्रमाणपत्रं घेतलेली माझ्या पिढीची पोरं महाराष्ट्रभर आहेत, आणि ते प्रमाणपत्र आज कुठल्याही खिडकीवर चालत नाही. म्हणून माझं पहिलं मागणं साधं आहे. सरकारी पैशातून, सरकारी मान्यतेनं जिथे ॲनिमेशन शिकवलं जाईल, तिथे ते खुल्या साधनांवर शिकवावं. हे स्वप्नरंजन नाही. २००२ मध्ये ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून त्याचा कोड सोडवून आणला आणि जगाला खुला केला. त्याच ब्लेंडरवर लॅट्वियातल्या गिंट्स झिल्बालोडिसनं केलेल्या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात आता कागदावर काढल्यासारखी रेषाही काढता येते. क्रिटा, ओपनटून्झ, सिनफिग आहेतच. यातलं कुठलंही साधन एखाद्या कंपनीच्या मनात आलं म्हणून एका तारखेला बंद पडणार नाही.

दुसरं मागणं कट्ट्याचं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठीच्या धोरणाला मंजुरी दिली, ३,२६८ कोटींचा आराखडा आहे. मला त्याचा आनंदच आहे. पण त्यावरच्या बोलण्यात मी गुंतवणूक ऐकली, रोजगार ऐकला, पार्क ऐकले. हौशी हा शब्द मला कुणाच्या तोंडून ऐकू आला नाही.

आणि हा शब्द आपल्याला परका आहे का? मी नाट्यपंढरीचा माणूस. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच नाटक उभं केलं. १९५४ पासून या राज्यात सरकार हौशी नाट्य स्पर्धा भरवतंय. १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजची पोरं रात्र-रात्र तालमी करतायत. बँकेतला कारकून, शाळेतली शिक्षिका, एसटीतला कंडक्टर रंगभूमीवर उभे राहतात, आणि समोर बसलेल्यांत निम्मे स्वतः नाटक करणारेच असतात. कुणाची एन्ट्री पडली, कुणाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही, याची चिरफाड मग चहाच्या टपरीवर पहाटेपर्यंत चालते. आज पडद्यावर दिसणारे कितीतरी चेहरे त्या टपरीवर शिव्या खाऊन मोठे झालेत. त्यांच्याहून कितीतरी जास्त लोक मोठे झाले नाहीत, नोकरी करत राहिले आणि जाणते प्रेक्षक झाले. मराठी नाटक आजही तिकीट काढून पाहिलं जातं, ते या दुसऱ्या लोकांमुळे. हे आपल्याला अमेरिकेतून शिकायचं नाही.

ॲनिमेशनच्या बाबतीत तर आपली मुळं त्याहून जवळची आहेत. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट करण्याआधी घरात वाटाण्याचा कोंब उगवताना एकेक फ्रेम करून टिपला होता, तो दाखवून पैसे उभे केले. १९१५ मध्ये त्यांनी चक्क आगकाड्या हलवून फिल्म केली. काड्यांच्या माणसाला यापेक्षा थोरला पूर्वज कुठे मिळेल?

मग राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रांवर, तीच नाट्यगृहं, त्याच तारखांच्या आगेमागे, हौशी ॲनिमेशनची एक स्पर्धा का होऊ नये? दोन मिनिटांची मर्यादा ठेवा, एकट्यानं नाहीतर चौघांपर्यंत मिळून केलेलं काम घ्या. एक पडदा आणि एक प्रोजेक्टर पुरेल. फिल्मबरोबर मूळ फाइलही जमा करायची, खुल्या स्वरूपातली, म्हणजे पुढच्या पोराला ती उघडून पाय कसा रोवलाय ते पाहता येईल. त्या फाइल राज्याच्या एखाद्या ग्रंथालयानं सांभाळाव्यात, पुस्तकं सांभाळतात तशाच. परीक्षक तीन असोत, पण भाग घेणाऱ्या प्रत्येकानं इतरांच्या किमान दहा फिल्म पाहून त्यांवर चार ओळी लिहून देणं सक्तीचं करा. हा नियम मी न्यूग्राउंड्सकडून उचललाय, तो सोडू नका. बक्षिसापेक्षा तोच महत्त्वाचा आहे. आणि निकालानंतर नाट्यगृह लगेच रिकामं करून घेऊ नका. दिवे तासभर जास्त ठेवा, पोरांना पडद्याजवळ जाऊन एकमेकांच्या फ्रेम थांबवून बघू द्या. वीजबिलाचा प्रश्न असेल तर सांगलीच्या केंद्रापुरतं ते मी भरतो.